जुन्या छायाचित्रांतील शेती आणि गाव

हमरस्त्यांवर अलीकडे जी मोठमोठी उपाहारगृहे निघाली आहेत, त्यांच्या दाराशी बहुधा एक जुनी बैलगाडी उभी करून ठेविलेली असते. आत भिंतीवर मोटेचा फोटो, मळणीचा फोटो, डोईवर पाटी घेतलेल्या बायकांचा फोटो. पिठलेभाकरी येईपर्यंत गिऱ्हाइके हे फोटो पाहतात, आणि त्यांतले कोणीतरी वयस्क गृहस्थ 'काय ते दिवस होते!' असा उसासा टाकतात. ह्या उसाशाला आमची हरकत नाही. शहरात राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांचे आजोबा-पणजोबा त्याच मोटेमागे चाललेले होते, तेव्हा ओढ वाटणारच. परंतु उसासा टाकून झाल्यावर तो फोटो पुन्हा एकदा नीट पाहावा, त्याला चार प्रश्न विचारावेत, एवढीच आमची विनंती आहे. फोटो काय सांगतो हे सगळ्यांना दिसते. तो कोणाविषयी गप्प आहे हे मात्र शोधावे लागते, आणि जुन्या शेतीचा इतिहास पाहू जाता त्याचा अर्धा भाग ह्या गप्प राहिलेल्या जागेत आहे.

प्रथम थोडे कॅमेऱ्याविषयी. मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी' १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते, आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे स्वतः फोटो काढीत. म्हणजे ही कला आपल्याकडे काही उशिरा आली असे नाही. पण त्या काळचा कॅमेरा म्हणजे एक संसारच होता. काचेच्या पट्टीवर ओले रसायन फासावयाचे, ते वाळण्यापूर्वी फोटो घ्यावयाचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत शिरून ती काच धुवावयाची. समोरच्या माणसाने काही सेकंद हालचाल न करता थांबले पाहिजे. माणूस एक वेळ थांबेल. बैल शेपूट हालविल्यावाचून कसा राहील? त्यामुळे त्या पहिल्या तीसचाळीस वर्षांच्या फोटोंत शेतकरी काम करताना सापडत नाही. नांगर आहे, बैल आहेत, धनी आहे; पण नांगर थांबलेला, बैल कोणीतरी वेसणीला घट्ट धरलेले आणि धनी कॅमेऱ्याकडे पाहत ताठ उभा. कामाच्या शेजारी उभा असलेला माणूस, एवढेच त्या चित्रातून मिळते.

ह्याहून मौजेची गोष्ट विल्यम जॉन्सन ह्याच्या पुस्तकाची. मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांचे फोटो असलेला त्याचा ग्रंथ १८६३ ते १८६६ ह्या काळात प्रसिद्ध झाला. त्यातली माणसे खरी आहेत, त्यांच्या मागची दृश्येही खरी आहेत. मात्र ती दोन्ही पुष्कळदा एकत्र नव्हती. माणसांचे फोटो एकीकडे काढले, ते कापले आणि दुसरीकडच्या देखाव्यावर बसविले. पुढे सरकारी पुढाकाराने 'पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ ह्या वर्षांत निघाला. त्यात माणसाच्या फोटोखाली त्याची जात आणि त्या जातीचे गुणावगुण दिले आहेत. त्या माणसाचे नाव विचारण्याचे कारण बहुतेक वेळा कोणास वाटलेले दिसत नाही. राज्य करावयाचे तर रयत किती प्रकारची आहे हे राज्यकर्त्यास माहीत हवे, ह्या हेतूने तो ग्रंथ झाला. हेतू ठाऊक असला म्हणजे फोटो खोटा ठरत नाही, पण तो वाचावा कसा हे कळते.

पुढे कोरड्या काचा आल्या, १८८८ साली कोडॅकचा हातात धरण्याजोगा कॅमेरा आला, १९०० साली त्याच कंपनीचा स्वस्त डबा-कॅमेरा निघाला, आणि शिकारीला निघालेला साहेब, मिशनरी, शेतकी खात्यातला अधिकारी आणि हौशी वकील अशा सगळ्यांच्या हाती हे यंत्र गेले. आपण जे गावाकडचे जुने फोटो म्हणतो ते बहुतेक ह्यानंतरचे. ह्यांतला अतिशय आवडता विषय म्हणजे मोट. तेव्हा मोटेचाच फोटो घेऊ आणि थोडा वेळ त्यापुढे उभे राहू.

विहिरीच्या काठावर दोन दगडी किंवा लाकडी खांब, त्यांवर आडवा कणा, कण्यावर चाक. चाकावरून गेलेला जाड दोर म्हणजे नाडा. खालच्या अंगाने गेलेला बारीक दोर तो सोंदूर. मोटेची सोंड सोंदुराने वर ओढून धरलेली असते, म्हणून भरलेली मोट वर येईतो पाणी सांडत नाही; वर आली की सोंड आपोआप थारोळ्यात पडते आणि पाणी पाटाला लागते. बैल उतरत्या धावेने खाली जातात, तेव्हा मोट वर येते. मोट रिकामी झाली की बैलांना पाठमोरे मागे सारावे लागते. हे मागे सारणे फार कौशल्याचे काम आहे. बैल शिकविलेले नसले तर ते जमत नाही. मोट हाकणारा नाड्यावर बसतो आणि आपल्या वजनाने बैलांचे ओझे हलके करतो. पहाटे तीनचारला मोट धरावयाची, ऊन चढले की सोडावयाची, आणि ह्या वेळात मोट हाकणारा जी गाणी म्हणे ती बैलांना ओळखीची असत.

एवढे सगळे फोटोत दिसते. गाणी तेवढी ऐकू येत नाहीत. आता जे दिसत नाही ते पाहा. थारोळ्यापासून पाट निघाला, तो शंभर-दोनशे पावले गेला, आणि तेथे घोट्यापर्यंत चिखलात उभी राहून एक बाई दारे धरीत आहे. एक वाफा भरला की कुदळीने बांध फोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात घ्यावयाचे, हे तिचे काम. ती चुकली तर मोट हाकणाऱ्याचे सगळे कष्ट पाण्याबरोबर वाहून जातील. पण फोटो विहिरीवर काढलेला आहे; देखावा तेथे आहे. त्या बाईपर्यंत कॅमेरा क्वचित जातो.

ह्याच्याही पलीकडे ती मोट स्वतः आहे. ती कातड्याची. कातडे मेलेल्या जनावराचे. ते जनावर गावातून ओढून नेण्याचे काम महाराच्या माथी मारलेले होते. कातडे कमाविले ढोराने, मोट शिवली चांभाराने, नाडा आणि सोंदूर वळले मांगाने, चाक केले सुताराने, त्याचा लोखंडी आस बसविला लोहाराने. जमीन भिजविणाऱ्या त्या विहिरीपाशी अशा रीतीने निम्मे गाव हजर आहे. पण ज्यांच्या हातांची ही मोट, त्यांतल्या पुष्कळांना त्याच विहिरीचे पाणी शिवण्याची बंदी होती. मोटेच्या फोटोकडे पाहून 'केवढी ही स्वयंपूर्ण खेडी!' म्हणणाऱ्या विद्वानांनी हे एवढे ध्यानात ठेवावे. मेलेली जनावरे ओढण्याचे काम टाकून द्या, असे बाबासाहेब आंबेडकर आपल्या लोकांस सांगत होते. महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात मांडले. गावकीची ही कनिष्ठ वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. विजेचे आणि तेलाचे पंप खेड्यांत पसरले आणि मोटा अडगळीत गेल्या, तो काळ ह्याच्याच आगेमागे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी संपत होत्या, त्यांतल्या एकीचा फोटो भिंतीवर लागला.

मोटेच्या खालोखाल खळे. खळ्याचे फोटो खरोखर देखणे असतात, हे कबूल केलेच पाहिजे. सारवून चोपून गुळगुळीत केलेली जमीन, मध्ये तिवडा, त्याभोवती मुसकी बांधलेल्या बैलांची पात, आणि वारा सुटला की वावडीवर उभा राहून धान्य उफणणारा माणूस. सुपातून पडणारी ज्वारीची धार एकीकडे आणि वाऱ्याने उडणारे भूस दुसरीकडे, हे दृश्य जलद चालणारे कॅमेरे आल्यावर सगळ्या फोटो काढणाऱ्यांनी टिपले. मागे कडब्याची गंजी, पुढे रास. रास मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणावयाचे नाही, 'लाभ' म्हणावयाचे; मग दोन, तीन.

पण हा लाभ कोणाचा? खळ्यावर धान्य मोजले जाई त्या दिवशी तेथे गर्दी असे. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, कुंभार, गुरव, महार, मांग, आपापले बलुते नेण्यास येत. त्यांचा मान, कोणी किती पेंढ्या न्यावयाच्या, कोणी आधी आणि कोणी मागून, ह्यांचे ठरलेले नियम होते आणि त्यांवरून तंटेही होत. मुलकी खात्यात नोकरी केलेले त्रिंबक नारायण आत्रे ह्यांचे 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात हा सगळा व्यवहार इतक्या बारकाईने दिला आहे की, खळ्याचा कोणताही फोटो पाहताना ते पुस्तक मांडीवर असावे असे आम्हांस वाटते. आत्र्यांची सगळी मते आम्हांस पटतात असे नाही. बलुतेदारांविषयी ते अनेकदा कडक लिहितात, आणि ते लिहिणे कुणब्याच्या ओट्यावर बसून लिहिल्यासारखे वाटते. पण कोणत्या मापाला काय म्हणत आणि कोण काय उचलून नेई, ह्याविषयी त्यांच्याइतका जागरूक साक्षीदार मिळणे कठीण. फोटोत शांत पसरलेली रास दिसते. आत्र्यांच्या पुस्तकात तिच्याभोवतीचा गलका ऐकू येतो.

रास घरी नेल्यावर खळे झाडून जे उरे आणि रानात जी कणसे पडून राहत, ती वेचण्याचे काम बायका आणि पोरे करीत. त्याला सरवा म्हणतात. सरव्याचा फोटो काढावा असे कोणाच्या मनात आलेले आमच्या पाहण्यात नाही. आणि जात्याचे फोटो पुष्कळ, पण ते दिवसाउजेडी काढलेले. दळण तर पहाटेच्या काळोखात चाले.

आता ज्या गोष्टीचा फोटो निघणे शक्यच नव्हते तिच्याकडे वळू. ती गोष्ट म्हणजे कर्ज. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ ह्या वर्षांत, कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले आणि भाव कोसळला. त्याच दशकात सरकारने दख्खनच्या काही तालुक्यांत साऱ्याची फेरआकारणी करून सारा वाढविला. सावकाराच्या वहीत आकडे फुगत चालले आणि कोर्टाचे हुकूमनामे घेऊन जमिनी सावकारांकडे जाऊ लागल्या. १८७५ च्या १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर धाव घेतली. त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढून त्यांनी त्यांची होळी केली. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. चौकशीसाठी सरकारी समिती बसली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. योगायोग असा की, वसंत ऋतूत व्याख्याने ऐकण्याची जी प्रथा आपण चालवीत आहोत, तिचा पुण्यात न्यायमूर्ती रानडे ह्यांनी आरंभ केला तो ह्याच १८७५ साली. एकाच वर्षी शहरात व्याख्यानाचे दिवे लागले आणि खेड्यात वह्या पेटल्या. धावणारा जमाव आणि हालणारी ज्वाळा त्या काळच्या कॅमेऱ्याच्या आटोक्यातली नव्हती. लगोलग आलेल्या १८७६-७८ च्या दुष्काळाचे फोटो मात्र आहेत. मद्रास इलाख्यात हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेल्या माणसांना एकत्र बसवून ते काढले. उपाशी माणूस हालत नाही.

कर्ज चित्रात दिसत नाही, पण आकड्यांत दिसते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर ह्या गावाची घरोघर फिरून पाहणी केली. ती १९१७ साली पुस्तकरूपाने निघाली. आपल्या देशात एका खेड्याची इतकी कसून झालेली ही आरंभीच्या पाहण्यांतील एक होय. १७७१ साली त्या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ साली ती साडेसतरा एकरांवर आली आणि १९१४-१५ साली ७ एकरांवर. ही ७ एकर तरी एका जागी असती तर ठीक. ती ठिकठिकाणी तुकड्यांनी पसरलेली. १०३ कुटुंबांपैकी नुसत्या शेतीवर नीट गुजराण होईल अशी कुटुंबे ८ निघाली, आणखी २८ बाहेरच्या मजुरीच्या आधाराने कशीबशी तरत होती, आणि ६७ कुटुंबांचा संसार बुडीत होता.

आता समजा, त्याच सुमारास त्या गावात कोणी कॅमेरा घेऊन गेला असता, तर त्याला काय दिसले असते? नदीकाठचे हिरवे मळे, विहिरी, झाडे, बैल, मारुतीचे देऊळ. फोटो सुंदर आला असता. बुडीत ६७ घरे आणि तगलेली ८ घरे त्या फोटोत सारखीच दिसली असती, कारण गहाण पडलेल्या शेतातही ज्वारी तशीच डुलते. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महानगराचा भाग आहे आणि मॅनसाहेबांनी जे तुकडे मोजले त्यांवर दहाबारा मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत.

म्हणून आमचे म्हणणे असे की, शेताच्या जुन्या फोटोशेजारी त्या शेताचा सातबारा ठेवावा. बैलजोडीपाशी उभ्या असलेल्या दोन माणसांपैकी मालक कोण, कूळ कोण, की त्यांतला एक पाडव्याला ठरविलेला सालगडी आहे, हे फोटो सांगणार नाही. कपड्यांवरून ओळखू जावे तर फसगत होते. काम करणारा मालकही गुडघ्यापर्यंतच धोतर नेसतो. सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना आणि मागचे फेरफार मात्र सांगतात. मुंबई राज्याचा कुळकायदा १९४८ साली झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवसापासून कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. ह्या दोन तारखांच्या मधल्या नऊ वर्षांत कित्येक कुळांनी 'खुषीने' जमिनी सोडून दिल्याची नोंद दप्तरात आहे. ती खुषी कसली होती हे खेड्यापाड्यांतली म्हातारी माणसे सांगत. १९५० च्या सुमाराचा एखादा शेतातला फोटो घरात असेल, तर त्यातला माणूस १९५७ नंतर त्याच बांधावर उभा होता काय, हे विचारण्याजोगे आहे.

येथवर आम्ही बोललो ते दुसऱ्यांनी काढलेल्या फोटोंविषयी. शेतकऱ्याने स्वतः पैसे मोजून काढून घेतलेले फोटोही आहेत, आणि ते पाहिले म्हणजे वेगळाच प्रकार आढळतो. जत्रेत पडद्यावर रंगविलेला बंगला, बाग, मोटार किंवा ताजमहाल मागे असे. समोर एक खुर्ची आणि तिपाईवर कागदी फुलांचा गुच्छ. गडी कोट घालून खुर्चीवर बसलेला. कोट पुष्कळदा फोटोवाल्याचाच, कारण बाह्या हाताच्या पंजावर आलेल्या असतात. मनगटावर घड्याळ असले तर ते दिसावे म्हणून हात मुद्दाम पुढे घेतलेला. शेजारी बायको नाकात नथ घालून, पायांत चप्पल घालून उभी. चप्पल फोटोत यावी म्हणून लुगडे किंचित वर. ह्या फोटोत नांगर नाही, बैल नाही, शेत नाही. साहेबाला शेतकरी पाहिजे होता तो नांगराशी; शेतकऱ्याला स्वतःचे चित्र पाहिजे होते ते नांगरापासून दूर.

शहरी मंडळी ह्या कोटाला हसतात. आम्हांस त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. आयुष्यातला एकच फोटो काढावयाचा तर तो चिखलात उभे राहून का काढावा? ह्याच्या उलट उदाहरण जोतीराव फुले ह्यांचे आहे. १८८८ साली ड्यूक ऑफ कॅनॉट ह्यांच्या सन्मानार्थ हरि रावजी चिपळूणकर ह्यांनी पुण्यात समारंभ केला. तेथे भरजरी पोषाखांची आणि दागिन्यांची गर्दी असताना जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या वेषात हजर झाले, आणि ह्या पोषाखांवरून हिंदुस्थानच्या रयतेची कल्पना करू नका असे त्यांनी पाहुण्यांस सुनावले. 'शेतकऱ्याचा असूड' त्यापूर्वीच, १८८३ साली, लिहून झाला होता आणि त्यात शेतकऱ्याच्या घराचे आतूनबाहेरून वर्णन आहे. फुल्यांचा तो वेष म्हणजे राजपुत्रापुढे धरलेला एक फोटोच म्हणावयाचा. जत्रेतल्या गड्याने उसना कोट घातला आणि फुल्यांनी तो मुद्दाम उतरविला. दोघांनाही हे ठाऊक होते की, माणूस कोणत्या वेषात समोर उभा राहतो ह्यावर पाहणारा त्याची किंमत ठरवितो.

फोटोतल्या माणसाचे नाव लिहून ठेवण्याची हयगय केवळ आपल्याकडेच झाली असे नाही. अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३५ पासून, तेथील सरकारने शेतकऱ्यांची हालत टिपण्यासाठी फोटोग्राफर नेमले. रॉय स्ट्रायकर त्यांचे प्रमुख. ते आपल्या लोकांस शेती आणि भूगोल वाचावयास लावीत, आणि फोटोबरोबर स्थळ, वेळ, पीक, मजुरी अशी टिपणे मागवीत. त्यांच्यापैकी आर्थर रॉथस्टाइन ह्याने १९३६ साली भेगाळलेल्या जमिनीवर पडलेली बैलाची कवटी चित्रासाठी थोडी इकडची तिकडे हालविली, तर केवढा गहजब झाला! विरोधी पक्षाच्या वर्तमानपत्रांनी त्याला लबाड ठरविले. आपल्याकडे बैल चित्रासाठी उलटे फिरविले तरी कोणी विचारले नसते. परंतु ह्याच कामात १९३६ च्या मार्च महिन्यात डोरोथिया लँग ह्या बाईंनी कॅलिफोर्नियात वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. कडेला दोन मुले तोंड लपवून बसली आहेत, मांडीवर तान्हे आहे, आणि आईचा हात गालाशी आहे. हा जगातील अतिशय प्रसिद्ध फोटोंपैकी एक झाला. लँगबाईंनी तिचे वय टिपले, ३२. नाव विचारले नाही. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे तिचे नाव जगाला कळले १९७८ साली, म्हणजे ४२ वर्षांनी. त्या फोटोचा आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, असे तिने तेव्हा सांगितले.

जुन्या फोटोंनी नव्या वस्तूंवर अन्याय केला आहे, तोही येथे सांगितला पाहिजे. लाकडी नांगर फोटोत शोभतो, लोखंडी शोभत नाही, म्हणून गावाकडचे जुने चित्र म्हटले की लाकडीच नांगर पुढे येतो. किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला १९०३ साली. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिली दोनेक वर्षे त्या नांगराला गिऱ्हाईक मिळेना. पुढे औंध संस्थानाने दिलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि हरळी-कुंद्याने बुजलेल्या काळ्या जमिनीत तीनचार बैलजोड्या लावून हा नांगर चालू लागला. ज्यांच्या रानातली हरळी त्याने उपटून काढली त्यांना विचारा. त्यांच्या आठवणीत लाकडी नांगराविषयी उसासा नाही. तसेच मोटेचे. पहाटे तीनला उठून बैल मागे सारणाऱ्या माणसाने पंपाचे बटण प्रथम दाबले, तेव्हा त्याने फोटोतल्या मोटेसाठी डोळे पुसले असतील असे मानण्यास आम्ही तयार नाही. पंपाने पुढे विहिरी खोल खोल नेल्या आणि पाण्याचा तळ गाठला, ही गोष्ट खरी आहे. पण तो दोष बैलांना पुन्हा धावेवर उभे करून जाणार नाही.

ह्या सगळ्यानंतर, जे हाताशी आहे त्याचा एक शेवटचा दाखला देतो. १९७२ च्या दुष्काळाचे पुष्कळ फोटो आहेत. ते वर्तमानपत्रांनी काढले, सरकारने काढले, मदत घेऊन गेलेल्या संस्थांनी काढले. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी. फोटोंत उन्हात ओळीने बसून खडी फोडणाऱ्या बायका दिसतात. कोणाच्या हाताला चिंध्या गुंडाळलेल्या, बाजूला लुगड्याच्या झोळीत मूल. त्या कामांवर सुकडी वाटली, परदेशातून आलेला तांबडा मिलो खाल्ला गेला, आणि ह्याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा झाला. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

ह्या फोटोंच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. ह्या बायकांची नावे लिहिली गेली होती. दर आठवड्याच्या हजेरीपटावर, ज्याला सगळे 'मस्टर' म्हणत, प्रत्येकीचे नाव, हजेरी, मोजमाप, रक्कम आणि पुढे अंगठा. म्हणजे चेहरा एका कागदावर राहिला, नाव आणि अंगठा दुसऱ्या कागदावर, आणि दोन्ही कागद निरनिराळ्या दप्तरांत गेले. पटाचे कागद कोठे वाळवीने खाल्ले, कोठे मुदत संपली म्हणून जाळले. पण तेव्हा विशीत असलेल्या बायका आज सत्तरी ओलांडून ओट्यावर बसलेल्या आहेत. त्यांच्यापुढे तो फोटो ठेवला तर त्या चष्मा मागतात. आधी आपल्या शेजारी बसलेली कोण ते सांगतात, तिचे माहेर सांगतात, झोळीतले पोर कोणाचे आणि ते पुढे जगले की नाही हे सांगतात, आणि मग मुकादमाविषयी बोलू लागतात. त्या वेळी हाताशी एक पेन्सिल असावी आणि फोटो पालथा घालून त्याच्या पाठीवर लिहून घ्यावे: उजवीकडून पहिली, दुसरी, तिसरी.